किरकोळ कारणावरून

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये खुनाचा विषय निघायचा तो डबे उघडल्यावरच. देशमुख आपांचा तो नेम होता. पोळीचा पहिला तुकडा मोडायचा, भाजीत बुडवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "काल एक वैजापूरकडचं प्रकरण वाचलं. सख्ख्या भावानं कुदळ घातली." इतिहासाचे कुलकर्णी सर आपला डबा उचलून खिडकीपाशी जायचे. आपा त्यांना तिथंही सोडायच्या नाहीत.

"सर, तुमच्या विषयात तर पानापानावर मुडदे पडलेत. तेव्हा बरी भूक लागते?"

आपा समाजशास्त्र शिकवायच्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, गालात कायम एक लवंग आणि डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट म्हणजे स्कूटीवर असताना नव्हे, ते तर सगळेच घालतात किंवा घालत नाहीत. आपा स्कूटी लावून, जिना चढून, मस्टरवर सही करून खुर्चीत बसल्या तरी हेल्मेट डोक्यावरच. एकदा त्यांनी अख्खा तास हेल्मेट घालून घेतला. गुन्हेगारीवरचं प्रकरण चालू होतं, त्यामुळं मुलांना वाटलं हे प्रात्यक्षिक आहे.

मी मराठी शिकवतो आणि हौसेनं नाटकं बसवतो. आपा मला 'नाटकवाले' म्हणायच्या. इतक्या वर्षांत माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, आणि ते त्यांना माहीत होतं की नाही, याबद्दल मला अजून शंका आहे.

त्यांचं पूर्ण नाव शहनाज देशमुख; आपा म्हणजे थोरली बहीण. सिल्लोडच्या. वडील कापसाचे व्यापारी. आमच्या मराठवाड्यात मुसलमानांमध्ये देशमुख असतात, पाटीलही असतात, इथल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. बाहेरून बदली होऊन आलेल्यांची मात्र गंमत होते, आणि ती गंमत आपा पुरवून पुरवून खायच्या. एकदा कामासाठी आम्ही एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो होतो. साहेब नवीन, बोलघेवडे. आपांनी सांगितलं, 'देशमुख मॅडम, कॉलेजातून आले.' साहेब खुलले.

"या, या. तुम्ही देशमुख म्हणजे गावगाड्यातल्या. तुम्हाला काय सांगायचं ही वस्त्यांवरची लोकं कशी असतात ते."

"सांगा ना, सांगा," आपा म्हणाल्या आणि लवंग दुसऱ्या गालात सरकवली.

साहेबांनी चहा येईपर्यंत सांगितलं. आदिवासींबद्दल सांगून झालं, मग ओघात मुसलमानांबद्दलही सांगितलं. आपा मान डोलवत होत्या. मी छताकडं बघत होतो, कारण माझ्यासारख्या नटाला पुढचा प्रवेश दिसतो. चहा आला. साहेबांनी वहीत लिहायला घेतलं, "मॅडम, पूर्ण नाव?"

"शहनाज."

साहेबांचा घोट अडकला. त्यांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला, आणि मला त्यांचं आजही कौतुक वाटतं, त्यांनी तेच वाक्य पुन्हा उचललं. "म्हणजे मॅडम, तुम्हालाही माहितीच आहे, सगळ्याच समाजात काही काही चांगली लोकं असतात."

"हौ ना," आपा म्हणाल्या. "पोलिसातबी असतात म्हणे."

तर हे काम काय होतं ते सांगतो. शहरातल्या एका संस्थेनं आपांना एक अभ्यास दिला होता. जिल्ह्यात निकाल लागलेले खुनाचे खटले घ्यायचे. आरोपी आदिवासी असलेले एका बाजूला, बिगर-आदिवासी दुसऱ्या बाजूला. कोण कोणाला मारतं, कशानं मारतं आणि का मारतं, याची तुलना करायची. आमच्याकडं आदिवासी म्हणजे मुख्यतः भिल्ल, कन्नड, सोयगाव, वैजापूर, गंगापूर या भागांत गावाच्या कडेला राहणारे. अभ्यास कशासाठी हवा होता, हे संस्थेनं सांगितलं नव्हतं. पण काय निघायला हवं, ते साधारण ठरलेलं होतं.

आपा आदिवासींच्या बाजूनं भाषणं करणाऱ्या बाई नव्हत्या. तसं कोणी म्हटलं की चिडायच्या. "खून तो खून. मेलेलं माणूस परत येत नाय. मी कोणाला माफी द्यायला निघाले नाय. मी फक्त विचारायली, का मारलं."

त्यांचा राग एका शब्दावर होता. आणि तो त्यांनी पहिल्यांदा माझ्यावरच काढला. एका दुपारी त्या हेल्मेटसकट माझ्यासमोर येऊन बसल्या.

"नाटकवाले, किरकोळ या शब्दाचा उलटा शब्द काय?"

मी सवयीनं म्हणालो, "घाऊक."

आपा क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की हेल्मेट कपाळावर आलं. "बरोबर. शहागंजच्या बाजारात सगळ्या पाट्यांवर तेच तर लिहिलंय. म्हणजे वस्तीवरचे लोक किरकोळ खून करतात आन आपण घाऊक."

मग त्यांनी मला पिशवीतली कात्रणं आणि निकालांच्या प्रती वाचायला लावल्या. भिल्लानं भिल्लाला मारलं की लिहिलेलं असायचं, किरकोळ कारणावरून. दुसऱ्या बाजूच्या खटल्यात पूर्ववैमनस्यातून, मालमत्तेच्या वादातून, प्रतिष्ठेच्या प्रश्नावरून. एका बाजूला किरकोळ, दुसऱ्या बाजूला भारदस्त जोडशब्द.

"हे किरकोळ कोणी ठरवलं?" आपांनी विचारलं. "मेलेल्यानं, का मारणाऱ्यानं?"

मी मराठीचा मास्तर. शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात, वगैरे सांगायला लागलो. आपांनी मला हातानंच थांबवलं.

"गुळगुळीत नाय झालेला. धार है त्याला. उद्या माझ्या वर्गावर या. तुमचा आवाज पाहिजे."

मला आवाज पाहिजे म्हटलं की मी कुठंही जातो. दुसऱ्या दिवशी आपांनी मला व्यासपीठावर उभं केलं आणि हातात बातम्या दिल्या. नावं, गावं, जाती खोडलेल्या. मी एकेक बातमी वाचायची आणि मुलांनी ओळखायचं, आरोपी आदिवासी की बिगर. मी पुरेपूर नाट्य भरून वाचलं. 'किरकोळ कारणावरून झालेल्या वादात दारूच्या नशेत...' सगळा वर्ग म्हणाला, आदिवासी. 'प्रतिष्ठेच्या प्रश्नावरून धुमसत असलेल्या वादाचे पर्यवसान...' सगळा वर्ग म्हणाला, बिगर. एकही चुकलं नाही. मुलं खूश.

"पैकीच्या पैकी," आपा म्हणाल्या. "आता मला सांगा. नाव नाय, गाव नाय, जात नाय. मग ओळखलं कशावरून?"

उत्तराची वाट न बघता आपांनी मला दुसरा गठ्ठा दिला. मी तितक्याच जोरात वाचला. मुलांनी तितक्याच जोरात उत्तरं दिली आणि या वेळी सगळी चुकली. त्या बातम्यांत आपांनी घटना एकही बदलली नव्हती. फक्त कारणाचा शब्द इकडचा तिकडं आणि तिकडचा इकडं लावला होता.

पुढच्या बाकावरचा एक विद्यार्थी वैतागून म्हणाला, "मॅडम, ही चीटिंग झाली."

"हौ," आपा म्हणाल्या. "पण माझी नाय."

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर हिंडायला लागलो. म्हणायला अहवालाची भाषा तपासण्यासाठी. खरं म्हणजे मला इतकं चांगलं नाटक फुकटात दुसरीकडं बघायला मिळालं नसतं. कुठंही गेल्या की आपा एकाच पद्धतीनं सुरुवात करायच्या. वस्ती असो की बंगला, चप्पल काढायची, पाणी मागून प्यायचं आणि स्वतःची ओळख करून द्यायची.

"मी शहनाज. सिल्लोडची. बिगर-आदिवासी."

वस्तीवरच्या बायका हमखास विचारायच्या, "म्हंजी काय ओ?"

"म्हंजी तुम्ही जे आहात, ते मी नाय."

"मंग आमच्याकडं कशाला आलात?"

"तेच बघायला. काय फरक है म्हणून."

बायका हसायच्या आणि बाज पुढं सरकवायच्या. बंगल्यात मात्र हे वाक्य चालायचं नाही. एका नव्या कॉलनीत आम्ही गेलो होतो. तिथल्या एका मुलानं शेजाऱ्याला गाडी लावण्यावरून लोखंडी गजानं मारलं होतं. शेजारी दवाखान्यात पोचायच्या आधी गेला. मुलाच्या वडिलांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं, चिवडा दिला. आपांनी ओळख सांगितली, तसे ते गोंधळून म्हणाले, "म्हणजे आम्हीसुद्धा बिगरच ना?"

"तुम्ही तर पक्के," आपा म्हणाल्या.

ते गृहस्थ वाईट नव्हते. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "तो रोज आमच्या गेटसमोर गाडी लावायचा, मॅडम. मुद्दाम. सगळी कॉलनी हसायची. शेवटी माणसाची काही प्रतिष्ठा असते की नाही?"

"असते," आपा म्हणाल्या. त्यात खोच नव्हती. तिथून निघाल्यावर मी म्हणालो, "आपा, गाडीच्या जागेसाठी माणूस मारला, यापेक्षा किरकोळ काय असतं?" त्यांनी स्कूटीची किल्ली फिरवता फिरवता माझ्याकडं बघितलं. "तुम्हीबी तेच करायलात, नाटकवाले. गाडीसाठी नाय मारलं त्यानं. हसणाऱ्यांसाठी मारलं."

मग ताराबाई भेटल्या, आणि या सगळ्या खेळाचा खेळ राहिला नाही.

त्यांचं प्रकरण शहरात गाजलं होतं, तेही चेष्टेनं. 'रश्श्यावरून मेहुण्याचा खून' असा मथळा होता. आत अर्थातच, किरकोळ कारणावरून. पानाच्या टपरीवर लोक त्यावर विनोद करायचे. गंगापूरच्या पुढं, गोदावरीकडं जाणाऱ्या रस्त्याला उसाच्या कडेनं भिल्लांची एक लहानशी वस्ती आहे, तिथलं हे प्रकरण. आम्ही गंगापुरातून जीपनं गेलो. जीपमध्ये आपा नेहमी ड्रायव्हरच्या शेजारी बसायच्या. म्हणायच्या, मागं बसलं तर धक्के मिळतात, पुढं बसलं तर बातम्या. वस्ती येईपर्यंत त्यांना ड्रायव्हरकडून तालुक्यातली निम्मी भांडणं कळली होती.

ताराबाई घरासमोर तुराट्या मोडत बसल्या होत्या. मेलेला रामदास हा त्यांचा धाकटा भाऊ. मारणारा किसन हा त्यांचा नवरा. आपांनी पाणी मागितलं, ओळख सांगितली. ताराबाई हसल्या नाहीत.

"तुमालाबी रश्श्याचंच इचारायचंय का?"

"नाय. मला पंगतीचं विचारायचंय," आपा म्हणाल्या. निकालात एका साक्षीदारानं पंगत हा शब्द उच्चारला होता आणि कोणीही त्याला पुढं काही विचारलं नव्हतं. आपांना तो शब्द टोचत राहिला होता.

ताराबाईंनी तुराट्या खाली ठेवल्या आणि सांगितलं. वस्तीतलं एक भांडण किसननं पोलिसात नेलं होतं. जमातीतलं भांडण बाहेर नेलं म्हणून पंचांनी त्याला वाळीत टाकलं. कोणी त्याच्या घरी पाणी प्यायचं नाही, त्याच्या पोरीला सोयरीक द्यायची नाही. बरीच वर्षं तसंच गेलं. मग पोरीचं लग्न जमायला आलं, तेव्हा किसननं पंचांच्या हातापाया पडून परत जमातीत येण्याचं जेवण घातलं. सगळे त्याच्या हातचं जेवले की तो पुन्हा आपला झाला, असा रिवाज. बोकड कापलं, पंगत बसली, किसन स्वतः रस्सा वाढायला लागला.

"माझा भाऊ पयल्या रांगंत बसलेला. जुना राग व्हता त्याचा. यानं वाढलं, तसं त्यानं ताट सरकवलं. म्हनला, याच्या हातचं आपल्याला चालत नाय."

"मग?"

"मंग काय. सख्खा मेव्हना उठला म्हनल्यावर कोन बसतंय? सगळी पंगत उठली. पोरीच्या सासरचे तिथंच व्हते, तेबी उठले." ताराबाईंनी उंबऱ्याकडं बोट केलं. "कोयता दाराशीच व्हता."

ताराबाईंनी एक तुराटी परत हातात घेतली आणि म्हणाल्या, "भाऊ मेला आन नवरा तुरुंगात गेला. रडावं कोनासाठी, तेबी मला कोनी सांगंना. ते जाऊ द्या. पन माझ्या धाकट्याला साळंत 'रस्सा' म्हनून हाका मारायलेत. त्याला, त्याच्या मेलेल्या मामाला, सगळ्यांनाच. रश्श्यासाठी नाय मेला माझा भाऊ, बाई. तुमी लिव्हायलात ना? मंग एवढं लिव्हा."

आपा नेहमी म्हणायच्या, अभ्यास करणाऱ्यानं कोणाला शब्द देऊ नये. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"लिहिते," त्या म्हणाल्या.

परत येताना त्या जीपमध्ये पुढंच बसल्या, पण ड्रायव्हरशी एक शब्द बोलल्या नाहीत. ड्रायव्हरनंच मला विचारलं, "मॅडमला बरं नाय का?"

अहवाल त्यांनी मराठीत लिहिला. इंग्रजीत लिहिला असता तर सोपं गेलं असतं, तिथं 'किरकोळ'ला इतकी धार नाही, असं मी म्हणालो. "म्हणूनच मराठीत," त्या म्हणाल्या. 'किरकोळ' आणि 'गंभीर' असे कारणांचे दोन रकाने संस्थेनं आखून दिले होते, ते त्यांनी काढून टाकले. त्यांच्या जागी त्यांनी जमीन, लग्न, दारू, भाऊबंदकी आणि मान असे रकाने केले आणि दोन्ही बाजूंचे खटले एकाच मापानं त्यात बसवले. ताराबाईंच्या पंगतीचं प्रकरण आणि कॉलनीतल्या गाडीचं प्रकरण त्यांनी समोरासमोरच्या पानांवर ठेवलं. दोन्हींच्या वर एकच मथळा, मान.

संस्थेच्या बैठकीला मी भाषा तपासनीस म्हणून हजर होतो. अध्यक्ष निवृत्त अधिकारी. स्वच्छ शर्ट, स्वच्छ मराठी, आवाज कधी चढायचा नाही. अशा माणसांशी भांडायला फार जीव लागतो.

"देशमुख मॅडम, परिश्रम दिसतात," ते म्हणाले. "पण निष्कर्षात एक वाक्य अपेक्षित होतं. आदिवासी समाजात किरकोळ कारणावरून हत्या करण्याची प्रवृत्ती आढळते, अशा आशयाचं. ते दिसत नाही."

"ते आढळलं नाय."

"काय आढळलं मग?"

"लिहिणाऱ्यांमध्ये किरकोळ लिहिण्याची प्रवृत्ती आढळली. ते लिहिलंय."

एका सदस्याला ठसका लागला. अध्यक्ष हसले. चांगलं हसले. "मॅडम, तुमचे खटले थोडे आहेत. एवढ्यावरून संपूर्ण समाजाबद्दल विधान करता येईल का?"

"नाय ना येत," आपा म्हणाल्या. "मग तुमचं वाक्यबी येत नाय."

अध्यक्षांनी टेबलावरची लेखणी सरळ केली. मग त्यांनी मधला मार्ग काढला. तशी माणसं मधला मार्ग फार सुंदर काढतात. वाक्य नको तर नको. पण ते जेवणाचं प्रकरण आणि ते गाडीचं प्रकरण अशी तुलना प्रतिष्ठित लोकांना दुखावणारी आहे. तेवढं जेवणाचं एक प्रकरण वगळा. बाकीचा अहवाल जसाच्या तसा छापू. आपांच्या निवृत्तीआधी पुस्तक हातात येईल.

मी मनात म्हणालो, घ्या आपा. एवढं मोठं काम, एक प्रकरण गेलं तर काय होतं. टेबलाखालून मी त्यांच्या पायाला पाय लावण्याचा प्रयत्नही केला. तो चुकून दुसऱ्याच सदस्याला लागला.

"साहेब, ते एक प्रकरण म्हणजे एक बाई है," आपा म्हणाल्या. "तिला मी 'लिहिते' असं सांगून आले."

"मग संस्थेला अहवाल स्वीकारता येणार नाही."

"नका स्वीकारू. मी कुठं आहेर म्हणून आणलाय?"

असं म्हणून आपा उठल्या नाहीत. हे त्यांचं वैशिष्ट्य. दुसरी कोणी असती तर ताडकन उठून गेली असती आणि पडदा पडला असता. आपांनी समोरचा चहा सावकाश संपवला, शिपायाला म्हणाल्या, "आणखी एक कप मिळंल का? चांगला झालाय," आणि तो येईपर्यंत अध्यक्षांकडं बघत बसल्या. अध्यक्ष खिडकीकडं बघत बसले. दुसरा कप संपल्यावर त्यांनी अहवाल पिशवीत घातला, हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि सगळ्यांना खुदा हाफिज केलं.

खाली आल्यावर मी म्हणालो, "आता? छापणार कोण?"

"छापणारे नसले म्हणून ऐकणारे नसतात का, नाटकवाले? ज्यांचं लिहिलंय त्यांना वाचून दाखवायचं. रविवारी मोकळे आहात का?"

आपा आता नाहीत. त्यांच्या आजारपणाच्या, दवाखान्याच्या गोष्टी सांगायला पुष्कळ लोक आहेत. मी त्यातल्या कशाचा साक्षीदार नाही, आणि मला व्हायचंही नव्हतं. मला आपा दिसतात त्या रविवारच्याच.

उसाचा हंगाम होता. वस्तीसमोरच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, एकेकामागं दोन ट्रॉल्या आणि वर कर्णे लावून गाणी. लिंबाखाली वस्ती जमली. ताराबाई, त्यांची मुलं, बाकीच्या बायका, आणि मधोमध बाजेवर नामदेवबाबा. हे त्या वस्तीतले पंच (नाव मी बदललंय), ज्यांनी किसनला वाळीत टाकलं होतं. आपा उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या. वाळीत टाकल्याच्या भागापर्यंत आल्या, तसे नामदेवबाबा खाकरले.

"बाई, हे वाळीतचं काढून टाका. आता त्याला कायदा झालाय. आमच्यावर केस व्हईल. आन जमातीची बदनामी व्हती ती येगळीच."

आपांनी कागदावरून नजर वर केली. "बाबा, शहरातल्या साहेबांनी एक वाक्य घाला म्हणलं. तुम्ही एक काढा म्हणायलात. दोघांचं ऐकलं तर माझ्या हातात काय राहील? नुसता रस्सा."

"तुमी आमच्या बाजूच्या ना?"

"मी बिगर-आदिवासी," आपा म्हणाल्या. "वाळीत टाकलं नसतं तर पंगत नसती. पंगत नसती तर दोन माणसं घरात असती. हे मी नाय काढणार. गावाचं नाव मी लिहिलेलं नाय, माणसांचीबी नाय. तुमच्यावर केस होणार नाय. पण झालं ते झालं."

नामदेवबाबा बाजेवरून उठले. मला वाटलं, आता इथूनही उठवणार आपल्याला. तेवढ्यात ताराबाई बोलल्या. म्हाताऱ्याकडं न बघता, खाली मान घालून.

"बसा बाबा. त्या दिशी सगळे उठले. आज कोनी उठू नका."

नामदेवबाबा उभेच राहिले. बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. आपांनी पुढं वाचलं. पंगत वाचली, ताट सरकवलं ते वाचलं, मान हा शब्द वाचला. रश्श्यासाठी नव्हे, हे वाक्य आलं तेव्हा ताराबाईंनी मान वर केली.

"ह्यो 'म' कोन?" त्यांनी विचारलं.

अहवालात आपांनी मयताला 'म' म्हटलं होतं आणि आरोपीला 'आ'. त्यांनी नियम समजावून सांगितला. अभ्यासात कोणाचं नाव घालायचं नसतं. माणसाला पुढं त्रास होऊ नये म्हणून. आत्ताच नामदेवबाबांना जे सांगितलं तेच.

ताराबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पेपरात रश्श्यासंगं नाव छापलं तवा आमाला कोनी इचारलं नाय. आता खरं लिव्हलं, तर नाव काढून टाकलं व्हय?"

आपांनी हातातला कागद खाली केला. त्यांनी नामदेवबाबांकडं बघितलं. बाबा रस्त्याकडं बघत होते.

"माझं नगं," ते म्हणाले. "गावाचं नगं. पोराचं घाला. पोरगं आमचंच व्हतं."

आपांनी माझ्याकडं न बघता हात पुढं केला. मी पेन दिलं. त्यांनी 'म' खोडला आणि वर नाव लिहिलं. मग त्या कागद डोळ्यांजवळ धरून पहिल्यापासून वाचायला लागल्या. "रामदास पंगतीच्या पहिल्या रांगेत बसला होता." एवढ्यात एक ट्रॅक्टर आला, कर्ण्यात गाणं, ट्रॉल्यांचा खडखडाट, काही ऐकू येईना. आपा थांबल्या. ट्रॅक्टर पुढं गेल्यावर त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. दुसरा ट्रॅक्टर आला. त्या पुन्हा थांबल्या. मी म्हणालो, "आपा, पुढचं वाचा, ऐकलं त्यांनी."

"अर्धंच ऐकलं," त्या म्हणाल्या.

उन्हात उभ्या होत्या, चष्मा नाकावर घसरलेला, एक हात रस्त्याच्या दिशेनं वर केलेला, जणू त्या हातानं ट्रॅक्टर थांबणार होता. धूळ खाली बसली. त्यांनी घसा साफ केला.

"रामदास," आपांनी वाचलं.